म्युझिक प्लेअरची मोटारगाडीतील जोडणी आणि ध्वनिदोष

म्युझिक प्लेअरची मोटारगाडीतील जोडणी म्हणजे खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रातील ध्वनिसंकेत गाडीत बसवलेल्या स्टिरिओपर्यंत व तेथून स्पीकरपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था होय. वॉकमन, सीडी प्लेअर, एमपी३ प्लेअर आणि संगीत वाजवणारे मोबाइल फोन या सर्वांचा समावेश अशा यंत्रांत होतो. ही जोडणी तारेने, कॅसेटच्या आकाराच्या अडॅप्टरद्वारे, एफएम लहरींद्वारे, यूएसबीद्वारे किंवा ब्लूटूथद्वारे करता येते.

हेडफोनवर स्वच्छ ऐकू येणारे गाणे गाडीत मात्र खरखरीत, दबलेले, फाटलेले किंवा गुणगुण मिसळलेले ऐकू येते, असा अनुभव वारंवार येतो. अशा वेळी दोष स्पीकरचा असल्याचे गृहीत धरून ते बदलले जातात. पुष्कळदा मात्र दोष स्पीकरमध्ये नसून प्लेअर व स्टिरिओ यांच्या दरम्यानच्या जोडणीत असतो. संकेताच्या पातळ्या न जुळणे, वीजपुरवठ्यातून गोंगाट शिरणे, प्लगचा संपर्क अपुरा असणे आणि ध्वनिवर्धनाची मांडणी चुकीची असणे ही त्याची मुख्य कारणे होत. यांपैकी बहुतेक दोष सुटे भाग न बदलता किंवा अल्प खर्चात दूर करता येतात.

पार्श्वभूमी

मोटारगाडीत संगीत प्रथम रेडिओच्या रूपाने आले. अमेरिकेतील गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने १९३० मध्ये 'मोटोरोला' या नावाने मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला. फिलिप्सने १९६३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट सादर केल्यानंतर गाडीत स्वतःच्या निवडीचे संगीत ऐकणे सोपे झाले. भारतातही गाडीतील स्टिरिओला दीर्घकाळ 'टेप' किंवा 'कारटेप' असेच म्हटले जात असे.

सोनी कंपनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. १९८४ मध्ये त्याच कंपनीने हाताळण्याजोगा सीडी प्लेअर आणला, तर ॲपलचा आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर झाला. या यंत्रांमुळे एक विसंगती निर्माण झाली. संगीताचे साधन काही वर्षांत बदलत असे, परंतु गाडीतील स्टिरिओ गाडीइतकाच काळ टिकत असे. त्यामुळे नव्या प्लेअरला जुन्या स्टिरिओशी जोडण्यासाठी मध्यस्थ साधने तयार झाली. ३.५ मिलिमीटर प्लगची ऑक्झिलरी जोडणी, म्हणजेच 'ऑक्स', पुढे अनेक गाड्यांत रूढ झाली. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचे छिद्र वगळण्यात आले आणि त्यानंतर अनेक फोनमधून ते नाहीसे झाले. परिणामी ब्लूटूथ व यूएसबी या जोडण्यांचे महत्त्व वाढले.

ध्वनिसाखळी

प्लेअरपासून कानापर्यंत ध्वनी एका साखळीतून प्रवास करतो. साठवलेली ध्वनिफीत, तिचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे मंडल, प्लेअरमधील हेडफोन विवर्धक, जोडतार, गाडीतील स्टिरिओचा प्रवेशमार्ग, त्यातील स्वरनियंत्रण, शक्तिविवर्धक, स्पीकर आणि गाडीचा अंतर्भाग हे तिचे दुवे होत. साखळीच्या सुरुवातीला गमावलेला तपशील पुढील कोणताही दुवा परत मिळवून देऊ शकत नाही. तसेच एखाद्या दुव्यात शिरलेला गोंगाट पुढील प्रत्येक टप्प्यावर संगीतासोबतच वाढत जातो. म्हणून दोषाचा शोध साखळीच्या आरंभापासून घेणे सोयीचे ठरते.

पातळीची जुळणी

गाडीत प्लेअरचा आवाज खराब येण्याचे सर्वांत सामान्य व सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे दोन व्हॉल्यूम नियंत्रणांचा न बसलेला मेळ. हेडफोनच्या छिद्रातून जोडणी केली असता एक नियंत्रण प्लेअरवर आणि दुसरे स्टिरिओवर असते.

प्लेअरचा आवाज फार कमी ठेवल्यास स्टिरिओकडे क्षीण संकेत पोहोचतो. संकेताचे व्होल्टता-मूल्य आवश्यकतेच्या एक-दशांश असेल, तर ती तूट भरून काढण्यासाठी स्टिरिओचे वर्धन दहापट करावे लागते. त्याबरोबर स्टिरिओच्या प्रवेशमार्गातील खरखर आणि तारेत शिरलेली गुणगुणही दहापट होते. गाण्याच्या शांत जागी ऐकू येणारी 'सूं' अशी खरखर बहुधा याच कारणाने उद्भवते.

याउलट प्लेअरचा आवाज कमाल पातळीवर ठेवल्यास त्यातील लहान विवर्धक किंवा स्टिरिओचा प्रवेशमार्ग आपल्या मर्यादेबाहेर जातो. मग तरंगांची शिखरे सपाट कापली जातात. या दोषाला 'क्लिपिंग' म्हणतात. तो झाला की ढोलकी-तबल्याचे ठोके बोथट होतात आणि वरच्या पट्टीतील गायन फाटल्यासारखे ऐकू येते. एकदा कापले गेलेले शिखर स्टिरिओचा आवाज कमी करूनही पूर्ववत होत नाही. आवाज कमी केल्यावरही फाटलेपणा कायम राहणे ही या दोषाची खूण होय.

घरगुती ध्वनिउपकरणांत 'लाइन' पातळीचे नाममात्र मूल्य सुमारे ०.३ व्होल्ट मानले जाते. सीडी प्लेअरची कमाल पातळी साधारण २ व्होल्ट असते. हेडफोनचे निर्गमन १६ ते ३२ ओहमच्या हेडफोनसाठी आखलेले असते. स्टिरिओच्या प्रवेशमार्गाचा संरोध मात्र काही हजार ओहम असतो. हा फरक सामान्यतः हानिकारक नसतो, कारण जास्त संरोधामुळे प्लेअरवर भार कमी पडतो.

जुळणीची रूढ पद्धत पुढीलप्रमाणे आहे. गाडी थांबलेली असताना प्लेअरचा आवाज कमाल पातळीच्या सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश ठेवावा. नंतर स्टिरिओवर रेडिओ लावून नेहमीची श्रवणपातळी ठरवावी आणि नियंत्रण न हलवता ऑक्सकडे वळावे. दोन्ही आवाज साधारण सारखे असल्यास जुळणी योग्य आहे. फरक मोठा असल्यास प्लेअरचा आवाज थोडा कमी-अधिक करावा. काही स्टिरिओमध्ये ऑक्सची पातळी ठरवणारे स्वतंत्र नियंत्रण सूचीत दिलेले असते, तेथे ते वापरावे. यानंतर प्रवासात केवळ स्टिरिओचे नियंत्रण वापरावे. या जुळणीचा सुरक्षिततेशीही संबंध आहे. क्षीण संकेतासाठी स्टिरिओ मोठा केलेला असताना चुकून रेडिओ सुरू झाल्यास अचानक प्रचंड आवाज होऊन चालक दचकू शकतो.

काही प्लेअरमध्ये श्रवणरक्षणासाठी कमाल पातळीवर मर्यादा घातलेली असते. युरोपात विकल्या जाणाऱ्या यंत्रांना अशी मर्यादा लागू असल्याने गाडीत त्यांचा आवाज कमी भरतो. आयपॉडच्या २००३ नंतरच्या अनेक आवृत्त्यांत तळाच्या ३० पिनांच्या जोडणीतून स्थिर पातळीचा लाइन संकेत मिळत असे. तो प्लेअरचे व्हॉल्यूम नियंत्रण व हेडफोन विवर्धक यांना वगळून बाहेर येत असल्याने गाडीतील जोडणीस अधिक योग्य होता.

विद्युत गोंगाट

इंजिनाचा वेग वाढला की ज्याची पट्टीही वाढते, असा शिटीसारखा आवाज स्पीकरमधून येत असल्यास त्याचा उगम गाडीच्या अल्टरनेटरमध्ये असतो. अल्टरनेटर प्रत्यावर्ती विद्युत निर्माण करतो आणि डायोडद्वारे तिचे एकदिश विजेत रूपांतर होते. या विजेत राहिलेले सूक्ष्म चढउतार ध्वनिमार्गात शिरल्यास ते शिटीच्या रूपाने ऐकू येतात.

ते शिरण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे भूवलय, अर्थात 'ग्राउंड लूप'. प्लेअर एकाच वेळी सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चार्ज होत असेल आणि ऑक्स तारेने स्टिरिओलाही जोडलेला असेल, तर त्याचा ऋण ध्रुव गाडीच्या सांगाड्याशी दोन वेगळ्या मार्गांनी जोडला जातो. सांगाड्याच्या दोन ठिकाणांच्या विद्युत दाबात किंचित फरक असतो. त्या फरकामुळे ऑक्स तारेच्या आवरणातून प्रवाह वाहू लागतो आणि स्टिरिओ त्यालाच संगीत समजून वाढवतो. स्वस्त चार्जरमधील स्विचिंग मंडलही अशाच मार्गाने चिरचिर मिसळू शकते.

याची परीक्षा सोपी आहे. चार्जर सॉकेटमधून काढून प्लेअर स्वतःच्या बॅटरीवर चालवावा. शिटी थांबल्यास दोष चार्जिंगच्या मार्गात आहे, असा निष्कर्ष निघतो. त्यावर पुढील उपाय योजले जातात:

• ऐकताना चार्जिंग न करणे. हा बिनखर्चाचा व खात्रीचा उपाय होय.
• चांगले गाळण-मंडल असलेला चार्जर वापरणे.
• स्टिरिओलाच यूएसबी सोय असल्यास तेथून चार्जिंग करणे, जेणेकरून दोन्ही भूमार्ग एकाच ठिकाणी मिळतील.
• ऑक्स तारेत 'ग्राउंड लूप आयसोलेटर' बसवणे. यातील दोन लहान रोहित्रे संकेत चुंबकीय क्षेत्राद्वारे पुढे पाठवतात आणि तारांचा थेट विद्युत संपर्क तोडतात. हलक्या प्रतीच्या आयसोलेटरमध्ये खर्जाचे स्वर क्षीण होतात.

चार्जर काढल्यावरही शिटी कायम राहिल्यास स्टिरिओच्या किंवा वेगळ्या बसवलेल्या विवर्धकाच्या भूजोडणीची तपासणी तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. रंग किंवा गंज असलेल्या पत्र्यावर आवळलेली भूतार हे अशा दोषाचे परिचित कारण आहे. गोंगाट थांबवण्यासाठी विवर्धकाची भूतार तोडणे मात्र धोकादायक असते.

प्लग आणि तार

३.५ मिलिमीटरच्या साध्या स्टिरिओ प्लगवर तीन संपर्क असतात. डावी वाहिनी, उजवी वाहिनी आणि समाईक भूतार असे ते होत. मायक्रोफोन असलेल्या हेडफोनच्या प्लगवर चार संपर्क असतात आणि त्यांच्या क्रमाच्या दोन वेगवेगळ्या पद्धती प्रचारात आल्या. जुळणी चुकल्यास किंवा प्लग पूर्ण न बसल्यास भूसंपर्क सुटतो.

भूसंपर्क सुटल्याचे लक्षण विलक्षण असते. दोन्ही वाहिन्यांतील फरकच तेवढा ऐकू येतो. मुख्य गायकाचा आवाज सहसा दोन्ही वाहिन्यांत समान मुद्रित केलेला असल्याने तो जवळजवळ नाहीसा होतो आणि वाद्ये मात्र पोकळ, दूरवरून आल्यासारखी वाजत राहतात. असे झाल्यास प्लग पूर्ण आत दाबावा, फोनचे जाड आवरण आड येते का ते पाहावे आणि तार बदलून पाहावी. खिशातील धागे व धूळ छिद्राच्या तळाशी साचूनही प्लग अर्धवट बसतो. यंत्र बंद करून लाकडी काडीने हा कचरा हलकेच काढता येतो.

एकाच बाजूचा आवाज येत असल्यास किंवा तार हलवल्यावर तो ये-जा करत असल्यास तार प्लगच्या मुळाशी तुटलेली असण्याची शक्यता अधिक असते. तार अदलाबदल करून पाहणे हेच याचे निदान होय.

कॅसेट अडॅप्टर

कॅसेट अडॅप्टर हे कॅसेटच्या आकाराचे साधन असते. त्यात फितीऐवजी एक चुंबकीय हेड असते. प्लेअरचा संकेत त्या हेडद्वारे चुंबकीय रूपात टेपच्या हेडला दिला जातो. दोन्ही हेड एकमेकांसमोर नेमके न आल्यास तार सप्तकातील स्वर दबतात किंवा एक बाजू क्षीण होते.

टेपवरील डॉल्बी गोंगाटशमन सुरू असल्यास ते बंद करावे. डॉल्बी पद्धतीने मुद्रित केलेल्या फितीत तार स्वर मुद्दाम वाढवलेले असतात आणि वाजवताना ते कमी केले जातात. प्लेअरच्या संकेतात अशी वाढ नसल्याने डॉल्बी सुरू राहिल्यास ध्वनी मंद व झाकल्यासारखा होतो. टेपचे हेड मळलेले असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने ते पुसावे. टेप सतत बाजू बदलत असल्यास अडॅप्टरमधील चक्रे नीट फिरत नसल्याचे समजावे. अडॅप्टरमधून ध्वनी फाटत असल्यास प्लेअरची पातळी कमी करून पाहावी.

एफएम ट्रान्समीटर

ऑक्स किंवा टेप नसलेल्या गाडीत एफएम ट्रान्समीटर वापरला जातो. तो प्लेअरचा संकेत ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील एखाद्या वारंवारतेवर प्रक्षेपित करतो आणि गाडीचा रेडिओ तो ग्रहण करतो. स्टिरिओ एफएममध्ये १९ किलोहर्ट्झचा मार्गदर्शक संकेत असल्याने ध्वनीची वरची मर्यादा सुमारे १५ किलोहर्ट्झ राहते. म्हणून ही पद्धत उत्तम स्थितीतही थेट तारेची बरोबरी करू शकत नाही.

अशा ट्रान्समीटरची शक्ती कायद्याने अत्यंत मर्यादित असते. अमेरिकेत ३ मीटर अंतरावर क्षेत्रतीव्रता २५० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटरपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. ब्रिटनमध्ये ५० नॅनोवॅटपर्यंतच्या ट्रान्समीटरना डिसेंबर २००६ पासून परवानगी मिळाली. इतका दुर्बळ संकेत त्याच वारंवारतेवरील केंद्रापुढे टिकत नाही. एफएम ग्राहक दोन संकेतांपैकी प्रबळ संकेतच पकडतो, त्यामुळे गाडी पुढे जाताच गाण्याच्या जागी अकस्मात दुसरेच केंद्र ऐकू येते.

महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत ही अडचण ठळकपणे जाणवते. मुंबई व पुणे या दोन्ही शहरांत ९१.१ आणि ९८.३ मेगाहर्ट्झवर खासगी केंद्रे आहेत. आकाशवाणीची केंद्रे मुंबईत १००.७ व १०७.१, तर पुण्यात १०१ मेगाहर्ट्झवर आहेत. घाटात दोन्ही शहरांचे संकेत क्षीण होतात आणि घाट ओलांडल्यावर मोकळ्या वारंवारता बदलतात. त्यामुळे एका शहरात निवडलेली वारंवारता दुसऱ्या शहरात उपयोगी पडेलच असे नाही. दोन्ही बाजूंच्या लगतच्या वारंवारताही मोकळ्या असतील अशी जागा शोधून ती निघण्यापूर्वीच नोंदवून ठेवणे इष्ट असते.

ट्रान्समीटरची जागाही महत्त्वाची असते. गाडीचा अँटेना छतावर किंवा मागे असल्यास पुढील सॉकेटमधील ट्रान्समीटरचा संकेत पत्र्यामुळे अडतो. खरखर फार असल्यास रेडिओ मोनोवर ठेवावा, कारण निर्दोष स्टिरिओ ग्रहणासाठी मोनोपेक्षा बराच प्रबळ संकेत लागतो. 'स', 'श' ही अक्षरे फाटत असल्यास प्लेअरची पातळी कमी करावी. अमेरिकी बाजारासाठी बनवलेल्या ट्रान्समीटरमध्ये तार स्वरांचे पूर्ववर्धन ७५ मायक्रोसेकंदांचे असते, तर भारत व युरोपात ते ५० मायक्रोसेकंदांचे असते. त्यामुळे असे साधन येथे थोडे तीक्ष्ण ऐकू येते.

यूएसबी आणि ब्लूटूथ

यूएसबी जोडणीत ध्वनी अंकीय स्वरूपात स्टिरिओपर्यंत जातो. प्लेअरचा हेडफोन विवर्धक व ऑक्स तार वगळली जात असल्याने पातळीचे व भूवलयाचे प्रश्न बहुधा उद्भवत नाहीत.

ब्लूटूथमध्ये संगीतासाठी आणि दूरध्वनी संभाषणासाठी स्वतंत्र प्रणाली असतात. स्टिरिओ केवळ संभाषणाच्या प्रणालीने जोडला गेल्यास संगीत दूरध्वनीवरून ऐकल्यासारखे अरुंद व एकाच वाहिनीचे येते. अशा वेळी फोनच्या ब्लूटूथ सूचीत त्या जोडणीसाठी 'मीडिया ऑडिओ' हा पर्याय सुरू आहे का ते पाहावे किंवा जोडणी पुसून नव्याने करावी. काही गाड्यांत फोन व स्टिरिओची व्हॉल्यूम नियंत्रणे ब्लूटूथवरही स्वतंत्र राहतात. तेथे पातळीच्या जुळणीचे वरील तत्त्व तसेच लागू होते.

ध्वनिफीत आणि स्वरनियंत्रण

कमी बिटदराच्या एमपी३ संचिकेत झांजा, तंबोरा व टाळ्या यांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. एकदा संकुचित केलेली संचिका पुन्हा अधिक बिटदराने साठवल्याने गमावलेला तपशील परत येत नाही. दोष संचिकेचा आहे की जोडणीचा हे ठरवण्यासाठी मूळ सीडीवरून उच्च बिटदराने घेतलेले, परिचित असे एक गाणे वाजवून पाहावे.

प्लेअर व स्टिरिओ या दोन्हींवर ईक्वलायझर असल्यास बास दोनदा वाढवला जातो आणि क्लिपिंग होते. म्हणून प्लेअरचा ईक्वलायझर सपाट ठेवून आवश्यक ते बदल स्टिरिओवरच करावेत. एखादी स्वरपट्टी वाढवण्यापेक्षा त्रासदायक पट्टी कमी करणे अधिक सुरक्षित असते.

स्पीकर व गाडीचा अंतर्भाग

धावत्या गाडीत टायर व इंजिनाचा आवाज प्रामुख्याने खर्जाच्या स्वरांत असतो, त्यामुळे संगीतातील खर्ज झाकला जातो. थांबलेल्या गाडीत योग्य वाटणारा बास वेगात अपुरा भासतो, हे त्यामुळेच.

बास कायमच क्षीण असल्यास एका स्पीकरच्या धन व ऋण तारा उलट जोडलेल्या असू शकतात. अशा वेळी एका स्पीकरचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि खर्जाचे स्वर परस्परांना छेद देतात. बॅलन्स नियंत्रण पूर्णपणे एका बाजूस नेल्यावर बास कमी होण्याऐवजी भरदार झाल्यास ही शंका पक्की होते. तारा सुलट केल्यावर दोष दूर होतो.

निदानाचा क्रम

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सर्वसाधारण क्रम असा:

१. तेच गाणे त्याच प्लेअरवर हेडफोनने ऐकावे. दोष तेथेही असल्यास तो संचिकेत किंवा प्लेअरमध्ये आहे.
२. गाडीत रेडिओ किंवा सीडी ऐकावी. दोष तेथेही असल्यास तो स्टिरिओ, विवर्धक किंवा स्पीकरमध्ये आहे.
३. दोन्ही ठिकाणी ध्वनी चांगला असल्यास दोष जोडणीत आहे. चार्जर काढून पाहावा.
४. प्लग साफ करून तार बदलून पाहावी.
५. दोन्हीकडील ईक्वलायझर सपाट करून पातळी नव्याने जुळवावी.
६. दुसरा प्लेअर जोडून पाहावा.

पहिल्या दोन पायऱ्यांसाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही आणि स्पीकर बदलण्याची गरज आहे की नाही हे त्यांतूनच बव्हंशी स्पष्ट होते.

सुरक्षितता

वरील सर्व तपासण्या गाडी थांबवूनच कराव्यात. अल्टरनेटरच्या शिटीची परीक्षा इंजिन सुरू ठेवून करावी लागते. ती बंदिस्त गॅरेजमध्ये करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. जोडतार गिअर, हँडब्रेक व पायपट्ट्यांपासून दूर ठेवावी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातात धरून संपर्कसाधन वापरणे धोकादायक वाहनचालनात मोडते, त्यामुळे फोनवरील गाणी चालकाने प्रवासात हाताने निवडू नयेत. आवाजाची पातळी अशी असावी की रुग्णवाहिकेचा भोंगा व इतर वाहनांचे हॉर्न ऐकू येतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्यातून ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित श्रवणाची मर्यादा आहे. जोडणी निर्दोष असल्यास कमी आवाजातही शब्द स्पष्ट कळतात आणि आवाज वाढवण्याची गरज कमी भासते.

हेसुद्धा पहा

• कॉम्पॅक्ट कॅसेट
• एफएम प्रसारण
• ब्लूटूथ
• ध्वनिवर्धक